मदत हवी आहे : शनिवार पेठेतल्या मोडलेल्या वॉर्डाचा निवडणूक-इतिहास जुळवायचा कसा?

नमस्कार मंडळी,

आमच्या गणेश मंडळाची स्मरणिका निघते आहे. जाहिराती आल्या, अध्यक्षांचं मनोगत आलं आणि 'आपल्या भागाचे आजवरचे नगरसेवक' हे पान माझ्या गळ्यात पडलं. म्हटलं, एका रविवारचं काम आहे. आज चौथा रविवार.

घोळ असा आहे. 2007 साली पुण्यात एकसदस्यीय वॉर्ड होते, एकूण 144. वॉर्ड एक, नगरसेवक एक, सुटसुटीत. त्याआधी 2002 ला तीन-तीनचे प्रभाग. 2012 ला दोनाचे झाले, 76 प्रभाग आणि 152 जागा. 2017 ला चाराचे (दोन प्रभाग तेवढे तीनाचे), 41 प्रभाग, 162 जागा, त्यात आम्ही प्रभाग 15, शनिवार-सदाशिव पेठ. मग 2022 साठी पुन्हा तीनाचे आखले, पण त्यावर निवडणूक झालीच नाही, प्रशासक बसला. जानेवारी 2026 ला परत चाराचे, आणि आता आम्ही प्रभाग 25. गल्ली तीच, पार तोच, नळाला पाणी यायची वेळसुद्धा तीच.

तर माझे प्रश्न : 2007 चा आमचा वॉर्ड नक्की कुठून कुठपर्यंत होता, हे कशावरून ठरवू? चार जण निवडून आले असतील तर 'आमचा' म्हणून कोणाचं नाव छापू? आणि तेव्हाच्या मतांची आताच्या मतांशी तुलना करता येते का?

हाताशी आहे ती एकच वस्तू. मंडळाच्या झांजा ठेवतो त्या पेटीत 2007 च्या मतदार यादीचा एक भाग सापडला. कोपरे उंदरांनी खाल्लेत. नावांपुढे पेन्सिलीच्या खुणा आहेत : कुठे बरोबर, कुठे फुली आणि बऱ्याच ठिकाणी नुसतं 'को.' हे 'को.' काय असावं?

– पेटीवाला

---

गल्लीतला_गणू : को. म्हणजे कोरा. कोणाला मत देणार हे ज्याचं त्यालाही माहीत नाही असा मतदार. आमच्या घरात तसे तीन आहेत.

---

जुना_पोलिंग_एजंट : गणूशेठ, नाही हो. को. म्हणजे कोथरूड! वाडा पडला, कुटुंब कोथरूडला गेलं, नाव मात्र पेठेच्या यादीतच राहिलं. अशांना मतदानाच्या दिवशी सकाळी रिक्षा पाठवायची, म्हणून ती खूण. दुपारी चारनंतर पाठवली तर आजी झोपलेल्या असायच्या. या खुणा मीही केल्यात.

आता तुमचे प्रश्न. नंबराच्या मागे लागू नका. प्रभागांना क्रमांक देताना उत्तरेकडून सुरुवात करतात, ईशान्येकडे जातात, मग पूर्व-पश्चिम असं करत शेवट दक्षिणेला. ऑक्टोबर 2017 मध्ये 11 गावं हद्दीत आली, 2021 मध्ये आणखी 23. हद्द वाढली की मधल्या पेठांचे नंबर पुढे सरकतात. शिवाय रचना होते लोकसंख्येवर. जितके 'को.' वाढले तितकं पेठांचं वजन घटलं. तुमचा वॉर्ड मोडला तो असा, यादीतल्या त्या पेन्सिलीनेच लिहून ठेवलंय बघा.

सीमेसाठी त्या वर्षीच्या अंतिम प्रभाग रचनेची अधिसूचना बघा. तिच्यात चतुःसीमा रस्त्यांच्या नावांनिशी दिलेली असते. त्याहून सोपं म्हणजे मतदान केंद्र धरा. वॉर्ड मोडतो, शाळा सहसा तिथेच असते. तुमच्या यादीच्या पहिल्या पानावर केंद्राचं नाव असेल. तेवढ्या केंद्राचे प्रत्येक वेळचे आकडे मिळवा.

नावं चारही छापा. 2017 ला प्रभाग 15 मधल्या चारही जागा भाजपच्या. त्यातल्या मुक्ता टिळक महापौर झाल्या, पुण्यातल्या भाजपच्या पहिल्या. दुसरे हेमंत रासने. शेजारच्या 16 मधून रवींद्र धंगेकर. पुढे कसबा विधानसभेला 2023 च्या पोटनिवडणुकीत धंगेकरांनी रासनेंना पाडलं आणि 2024 ला रासनेंनी धंगेकरांना. एका पावसात जुनी पडवी गळावी तसे हे दोन प्रभाग एकमेकांत गळतात, त्यामुळे 16 ची एक ओळ तुमच्या पानावर आली तरी कोणी रागावणार नाही.

मतांची बेरीज मात्र करू नका. मतदार एक, बटणं चार : अ, ब, क, ड. चारही जागांवरची पक्षाची मतं एकत्र केलीत तर 2007 च्या चौपट माणसं मतदानाला आली असं दिसेल. प्रत्येक जागेची टक्केवारी वेगळी काढा.

---

पेटीवाला : काका, साष्टांग! पहिलं पान उंदरांनी ठेवलंय, केंद्राचं नाव वाचता येतंय. आमचीच शाळा निघाली, बालवाडीच्या खोलीतलं केंद्र. आईला विचारलं तर म्हणाली, बुटक्या बाकांवर अधिकारी बसलेले असायचे, गुडघे हनुवटीला.

'को.' मोजले. एका पानावर तीस नावं, त्यात अकरा. त्यातलं एक आमच्याच मोठ्या काकांचं.

आता 2002 राहिलं. तीनाच्या प्रभागात आमची गल्ली कशाला जोडली होती, हे कोणाकडच्या जुन्या मतदार चिठ्ठीवर असेल तर फोटो टाका. चिठ्ठीवरचं नाव झाकून टाका. स्मरणिका छपाईला जायला बारा दिवस आहेत.