मालिका नको, एकच भाग सांगा

पाटावरचा_पसारा (धागा काढणारा)

2025 च्या ऑक्टोबरात इंद्रवदन साराभाई साकारणारे सतीश शाह गेले आणि आमच्याकडे रात्रीच्या जेवणाला ‘साराभाई व्हर्सेस साराभाई’ पुन्हा सुरू झालं. त्यावरून घरात वाद पेटला. सगळ्यांना मालिका आवडते, पण ‘एक भाग सांग, सुरुवातीपासून शेवटपर्यंत’ म्हटलं की सगळे रोसेशच्या कविता म्हणायला लागतात. भाग कुणालाच सांगता येत नाही.

म्हणून हा धागा. कोणत्याही भाषेतली विनोदी मालिका चालेल. भाग एकच. त्यात काय घडतं आणि तुम्ही नेमके कुठे हसता, ते लिहा. ‘निखळ करमणूक’ आणि ‘आता तसं राहिलं नाही’ ही दोन वाक्यं मीच इथे लिहून टाकली आहेत, तुम्ही लिहू नका.

माझा भाग ‘फॉल्टी टॉवर्स’मधला. बीबीसीची मालिका, 1975 आणि 1979 अशी दोन पर्वं, मिळून फक्त 12 भाग. लेखन जॉन क्लीझ आणि कॉनी बूथ यांचं, आणि दोघं त्यात कामही करतात. दुसऱ्या पर्वाच्या पहिल्याच भागात टॉर्कीच्या त्या हॉटेलात मिसेस रिचर्ड्स नावाची खडूस बाई उतरते. तिला ऐकू कमी येतं. कानाचं यंत्र आहे, पण बॅटरी संपेल म्हणून ती ते बंद ठेवते आणि वर सगळ्यांना ‘नीट बोला’ म्हणून झापते. खोलीतून समुद्र नीट दिसत नाही हीसुद्धा तिची तक्रार आहेच.

इकडे मालक बेसिल घोड्यावर पैसे लावून 75 पौंड जिंकतो. बायकोला, म्हणजे सिबिलला, कळलं तर ती सालं सोलेल. म्हणून तो पैसे हॉटेलातच राहणाऱ्या म्हाताऱ्या मेजरकडे ठेवायला देतो, आणि मेजरला सकाळचं दुपारी आठवत नाही. वेटर मॅन्युएलला या जुगारातलं माहीत असतं. बेसिल त्याला बजावून ठेवतो की कुणी काहीही विचारलं तरी तुला काही माहीत नाही.

मग मिसेस रिचर्ड्सचे पैसे हरवतात आणि बेसिलच्या जवळ पैसे सापडतात. ते त्याचे स्वतःचे आहेत! खरं बोलायची त्याची तयारी असते, पण साक्षीला कोण? बायकोला सांगायची सोय नाही, मेजर विसरलेला, उरला मॅन्युएल. बेसिल त्याला गयावया करून म्हणतो, सांग यांना. आणि मॅन्युएल छाती पुढे काढून सांगतो, मला काहीही माहीत नाही. इतकं आज्ञाधारक वागून कुणी कुणाचा इतका घात केला नसेल.

मी हसतो ते मॅन्युएल बोलल्यावर नाही. बेसिल त्याच्याकडे वळतो, तेव्हाच. पुढचं वाक्य आपल्याला माहीत असतं, बेसिलला नसतं.

कानामागून

मी स्वतः कानाचं यंत्र लावते, त्यामुळे हा भाग मला लागायला हवा होता. लागला नाही. त्या बाईच्या बहिरेपणाची थट्टा नाहीच, थट्टा आहे तिच्या चिक्कूपणाची. यंत्र चालू केलं तर तिला ऐकू येतं. मधे बेसिल नुसते ओठ हलवतो, आवाज काढत नाही. तिला वाटतं यंत्र कमी आहे, म्हणून ती आवाज वाढवते, आणि मग तो ओरडतो. दुष्टपणा आहे. पण बाईने अर्धा तास सगळ्यांना इतकं छळलेलं असतं की मी बेसिलच्या बाजूने.

याउलट ‘हम पांच’मधल्या राधिकाचं. तिथेही कानाचं यंत्र आणि भलतंच ऐकणं. पण तिला भलतं ऐकू आलं म्हणून पुढे काही बिघडत नाही. एक कोटी होते, हशा होतो, गाडी पुढे. शाळेत असताना हसायचे, आता नाही हसू येत.

पाटावरचा_पसारा

आणि साराभाईतले कमी ऐकू येणारे मधुसूदन फुफा? ते ‘हें?’

कानामागून

ते मधलं प्रकरण आहे. तिथे फुफांपेक्षा इंद्रवदनचा चेहरा बघायचा. फुफांना पुन्हापुन्हा समजावताना आजूबाजूचे कसे खचत जातात, ती गंमत आहे. ते चालतं मला.

रजनीगंधा_नव्हे

‘हम पांच’चं नाव निघालंच आहे तर. माझा भाग वगैरे नाही, एक भिंत आहे. अशोक सराफांच्या आनंद माथुरची पहिली बायको वारलेली, भिंतीवर तिचा हार घातलेला फोटो, आणि फोटो बोलतो. नुसता बोलत नाही, टोमणे मारतो. फोटोत कोण, तर प्रिया तेंडुलकर. आमच्या आईच्या वयाच्या बायकांनी 1985 च्या ‘रजनी’त त्यांना अख्ख्या व्यवस्थेला जाब विचारताना पाहिलेलं. तीच बाई चौकटीत अडकून फक्त नवऱ्याला जाब विचारतेय, हे बघून आई जी हसायची ते आम्हाला पोरांना कळायचंच नाही. आम्ही मुलींमधल्या दादागिरी करणाऱ्या काजलभाईवर खूश.

धाग्याचा नियम मोडलाय. असू दे.

आडनाव_राज

न्यू जर्सी. ‘साइनफेल्ड’, 1991, चायनीज रेस्टॉरंटचा भाग. जेरी, जॉर्ज आणि इलेन हे तिघं मित्र टेबल मिळायची वाट बघतात. बस. पहिल्या मिनिटापासून शेवटच्या मिनिटापर्यंत तेच. चौथा मित्र क्रेमर या भागात नाहीच. ज्या काळात मालिकेत प्रसंग सतत बदलत, तेव्हा हे दाखवायला चॅनेलवाले बिचकले होते ते उगाच नाही.

तिथला माणूस दर वेळी ‘पाच, दहा मिनिटं’ म्हणतो आणि मागून आलेल्यांना आत सोडतो. इलेन भुकेने वेडी होते. दुसऱ्यांच्या टेबलावरचा एग रोल उचलून खाल्लास तर 50 डॉलर, अशी पैज लागते. जॉर्जला मैत्रिणीला फोन करायचाय, आणि सार्वजनिक फोनवर कुणीतरी ठाण मांडून बसलंय.

माझी जागा इथे आहे: मैत्रीण स्वतःच हॉटेलात फोन करते, जॉर्ज कोस्टान्झाला बोलवा म्हणून. तो माणूस हॉलमध्ये हाक मारतो, ‘कार्टराइट! कार्टराइट!’ कुणीच उठत नाही, तो फोन ठेवून देतो. जॉर्ज दोन हातांच्या अंतरावर उभा असतो.

इथे आल्यावर पहिल्या वर्षातच मी हॉटेलच्या यादीत आडनाव देणं बंद केलं. ‘राज’ सांगतो. माझं नाव राज नाही. आधी माझ्या आडनावाचे इतके कार्टराइट झालेत की एकदा आमच्या चौघांची पाळी दुसऱ्याच कुटुंबाला मिळाली आणि ते जेवून बाहेर पडताना आम्ही दारातच.

शेवट सांगतो, बघितलं नसेल त्यांनी पुढची ओळ सोडा. तिघं वैतागून निघून जातात, दार बंद होतं, आणि आतून हाक येते, ‘साइनफेल्ड, चार!’

शनिवारपेठी

मोबाईल आल्यावर यातला अर्धा भाग बाद. जॉर्जने नुसता मेसेज केला असता.

आडनाव_राज

इलेनची भूक उरतेच की.

पट्ट्यावरची

मी बरीच वर्षं गोव्यात वेर्ण्याला औषधांच्या पॅकिंग लाइनवर होते. माझा भाग 1952 चा, ‘आय लव्ह लुसी’मधला चॉकलेटच्या कारखान्याचा. मुलाने लॅपटॉपवर लावून दिला तेव्हा मला वाटलं, कृष्णधवल, इंग्रजी, मला काय कळणार. कळायला काही नव्हतंच.

लुसी आणि एथेल पट्ट्यासमोर उभ्या. येणारं चॉकलेट कागदात गुंडाळायचं. एकही तसंच पुढे गेलं तर नोकरी गेली, असं देखरेखीची बाई सांगून जाते. पट्टा सुरू होतो, हळू, जमतंय. मग वेग वाढतो. या दोघी चॉकलेटं तोंडात कोंबतात, टोपीत लपवतात, कपड्यात टाकतात. बाई परत येते. पट्टा रिकामा, एकही चॉकलेट सुटलेलं नाही. ती खूश होते आणि आतल्या माणसाला ओरडून सांगते, वेग वाढवा!

लाइनवर काम केलेल्या बाईला विचारा. काम उरकलेलं दिसलं की वरच्याला वाटतं, अजून जमेल. मागे कसं उरकलं ते कुणी विचारत नाही. मुलगा तोंडात कोंबण्यावर हसत होता, मी त्या शाबासकीवर. आमच्या लाइनवरच्या जुन्या मैत्रिणींना पाठवला, सगळ्यांचं हसू तिथेच.

शनिवारपेठी

हा मुद्दा घ्या. पट्टा जोरात सुरू झाल्यावर संवाद जवळजवळ नाहीतच, तरी मागचे प्रेक्षक केवढे हसतायत. ते डब्यातलं, म्हणजे आधी रेकॉर्ड करून चिकटवलेलं, हसू नाही. ती मालिका खऱ्या प्रेक्षकांसमोर, तीन कॅमेरे लावून फिल्मवर चित्रित व्हायची. नट हशा ओसरेपर्यंत थांबतात, ते बघून कळतं. ‘फॉल्टी टॉवर्स’ही स्टुडिओत प्रेक्षक बसवून. उलट आपल्याकडे नव्वदच्या दशकात काही मालिकांत पात्राने दार उघडलं तरी हशा. मला त्याची अ‍ॅलर्जी आहे.

कानामागून

मला उपयोग व्हायचा. शब्द निसटला तरी विनोद झाला हे कळायचं.

शनिवारपेठी

बरं. हे डोक्यात आलं नव्हतं.

आबांची_डायरी

मला एक भाग सांगताच येत नाही, हीच माझी नोंद. ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’, 2001 पासून अल्फा मराठीवर. मला आठवतात ते आबा, म्हणजे दिलीप प्रभावळकर, डायरी लिहिताना. कधी श्यामलाचा चढलेला आवाज आठवतो, कधी शेखरचं मान खाली घालून पेपर वाचणं, कधी शिऱ्याचं काहीतरी लपवणं. कुठल्या भागात काय, विचारू नका. यात कुणीच विनोद करायला आलेला नसतो. प्रभावळकरांनी त्याआधी मुंबई दूरदर्शनवर चिमणराव केला होता, तोही असाच, स्वतःला अजिबात विनोदी न समजणारा. आपण विनोदी आहोत हे पात्राला कळलं की माझं हसू जातं. ‘फ्रेंड्स’मधला सतत कोट्या करणारा चँडलर मला त्यामुळेच झेपत नाही.

नागपुरी_संत्रं

चँडलरला बोलायचं काम नाही! 😄 माझा भाग तोच, 1996 चा. रॉसला म्युझियमच्या कार्यक्रमाला सगळ्यांना घेऊन वेळेवर निघायचंय आणि कुणीही तयार नाही. पूर्ण भाग एका घरात. चँडलर नि जोई खुर्चीवरून भांडतात. चँडलर जोईच्या सगळ्या चड्ड्या लपवतो. फीबीच्या ड्रेसवर हमस सांडतं. रेचलचं काय घालू संपत नाही. मोनिका आधीच्या बॉयफ्रेंडचा निरोप ऐकून फोनला चिकटते.

आमच्याकडे लग्नाला निघताना हाच भाग होतो, फक्त बाबा रॉस असतात आणि रिक्षा खाली उभी असते. त्या रॉसचं ओरडणं मला सुरुवातीला हसवतं, मग तो सगळ्यांसमोर रेचलवर ओरडतो तेव्हा खोली गप्प होते. विनोदी मालिकेत अशी गप्प खोली ठेवायला धैर्य लागतं. ती थांबते, ‘मी येत नाही’ म्हणते. आता हे कसं सुटणार, असं वाटत असताना जोई दारातून येतो. चँडलरचे असतील नसतील तेवढे सगळे कपडे एकावर एक चढवून, आणि त्यात लंजेस मारतो.

आबांची_डायरी, जोईला तरी कुठे माहीत असतं तो विनोदी आहे?

आबांची_डायरी

जोई मान्य. चँडलर नाही.