कडक उन्हाळ्यात टोमॅटोला फुले येतात, पण फळ धरत नाही

कुंडीतली बाग यांचा प्रश्न:

गच्चीवर मोठ्या कुंड्यांमध्ये मी टोमॅटोची सहा रोपे लावली आहेत. रोपे कमरेएवढी वाढली असून पाने गर्द हिरवी आहेत आणि गेल्या तीन आठवड्यांपासून फुलांचे घोस भरभरून येत आहेत. मात्र पहिल्या घोसातली चार-पाच फळे सोडली, तर नंतरच्या एकाही घोसात फळ धरलेले नाही. फूल उमलते, दोन-तीन दिवस टवटवीत राहते, मग त्याच्या देठावर मध्येच असलेले गाठीसारखे पेर पिवळे पडते आणि बोटाचा हलका स्पर्श झाला तरी फूल त्या पेरातून अलगद सुटून हातात येते. सकाळी पाहावे तर कुंडीखाली पिवळ्या फुलांचा सडा पडलेला असतो.

सध्या दुपारचे तापमान ३८ ते ४० अंशांपर्यंत जाते आणि रात्रीही ते २७ च्या खाली उतरत नाही. मी सकाळ-संध्याकाळ पाणी देते. खताची कमतरता असावी असे वाटून मधल्या काळात दोन वेळा नत्रयुक्त खतही दिले. त्याने पाने आणखी वाढली, फळ मात्र आले नाही. पाणी अजून वाढवावे का, दुसरे एखादे खत द्यावे का, की या हंगामापुरता नाद सोडून रोपे उपटून टाकावीत, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

जुना माळी यांचे उत्तर:

आपण दिलेल्या माहितीतला सर्वांत महत्त्वाचा आकडा दुपारचा ४० नसून रात्रीचा २७ आहे. टोमॅटोला दिवसा साधारण २१ ते २९ आणि रात्री १५ ते २० अंश तापमान मानवते. दुपारी पारा ३२-३५ च्या पुढे आणि रात्री २१-२४ च्या वर राहू लागला की झाड फुले काढत राहते, पण त्या फुलांतले परागकण निकामी होऊ लागतात, फलन होत नाही आणि झाड ते फूल देठाच्या पेरापासून तोडून टाकते. आपल्याला दिसणारे पिवळे पेर म्हणजे झाडाने स्वतःच घेतलेला तो निर्णय आहे. त्यामुळे जास्त पाण्याने किंवा खताने ही फुलगळ थांबणार नाही.

यातली एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. परागकण फूल उमलल्यावर तयार होत नाहीत. कळी अगदी लहान असताना, म्हणजे उमलण्याच्या सुमारे आठ-दहा दिवस आधी ते आत घडत असतात आणि उष्णतेचा सर्वाधिक फटका त्यांना त्याच वेळी बसतो. म्हणून आज गळणाऱ्या फुलाचे नुकसान गेल्या आठवड्यातच झालेले असते आणि उद्या हवा थंड झाली तरी चांगली फुले दिसायला दीड-दोन आठवडे जावे लागतात. अनेक जण नेमके याच मधल्या काळात कंटाळून रोपे उपटतात.

आपल्या फुलांची अवस्था आपण स्वतः पाहू शकता. सकाळी ऊन चढण्यापूर्वी, फूल पूर्ण उमललेले असताना, त्याच्याखाली गडद रंगाचा चमचा धरून देठावर टिचकी मारावी. चमच्यावर फिकट पिवळसर भुकटी पडली तर पराग निदान सुटत तरी आहेत असे समजावे. ते सजीव असतीलच असे मात्र नाही. काहीच पडले नाही, तर फुले हलवून परागीकरण करण्याचा खटाटोप व्यर्थ आहे. भिंगातून पाहिल्यास आणखी एक खूण दिसू शकते. टोमॅटोच्या फुलात परागकोशांचा पिवळा शंकू असतो आणि स्त्रीकेसर सहसा त्याच्या आत राहतो, म्हणून हे फूल स्वतःच्याच परागांनी फळते. अति उष्णतेत मात्र काही जातींमध्ये तो हिरवट दांडा लांबून शंकूच्या टोकाबाहेर डोकावतो आणि मग पराग त्याच्यापर्यंत पोचतच नाहीत.

रोपे उपटू नका. नत्र पूर्णपणे बंद करा, कारण त्याने केवळ पालाच वाढतो आणि तेवढ्या पाल्याला पाणी पुरवताना मुळांची दमछाक होते. दुपारच्या आणि कलत्या उन्हासाठी ३० ते ४० टक्के सावली देणारी जाळी लावा. ती झाडावर पांघरू नका, तर हात-दीड हात उंच ताणा, म्हणजे खालून वारा खेळता राहील. यापेक्षा दाट जाळीखाली झाडे लांबट होतात आणि फुलेही कमी येतात. जाळीमुळे पान आणि फळ भाजण्यापासून वाचते. रात्रीच्या उकाड्यावर तिचा काहीही इलाज नाही, एवढे ध्यानात ठेवून तिच्याकडून अपेक्षा ठेवावी.

खरा उपाय पुढच्या वेळच्या वेळापत्रकात आहे. बी पेरल्यापासून फळ धरेपर्यंत साधारण आठ ते दहा आठवडे लागतात. ज्या सुमारास रात्री २४ अंशांच्या वर जाऊ लागतात, त्याच्या निदान अकरा-बारा आठवडे आधी पेरणी केल्यास दोन-तीन घोस उकाड्यापूर्वीच धरतात, आणि एकदा धरलेले फळ उष्णतेतही पोसले जाते. जातींमध्ये बोराएवढ्या लहान फळांच्या जाती मोठ्या, मांसल फळांच्या जातींपेक्षा उन्हाळ्यात बऱ्याच जास्त विश्वासार्ह असतात.

हिरवा कोपरा यांचे उत्तर:

वरच्या विवेचनाशी मी सहमत आहे, परंतु गच्चीवरच्या कुंड्यांच्या बाबतीत जाळीच्याही आधी कुंडीकडे पाहावे असे माझे मत आहे. दोन उन्हाळ्यांपूर्वी माझी रोपे काळ्या, पातळ प्लास्टिकच्या कुंड्यांमध्ये पश्चिमेच्या कठड्यालगत होती. एका दुपारी कुंडी सरकवण्यासाठी हात लावला, तर तिची उन्हाकडची बाजू क्षणभरही धरवेना. ते रोप पुढे गेलेच. त्याचा मातीचा गड्डा बाहेर काढला, तेव्हा सावलीकडच्या बाजूला पांढऱ्या, तजेलदार मुळांचे जाळे होते आणि उन्हाकडच्या बाजूची मुळे तपकिरी होऊन धाग्यांसारखी सुटत होती. म्हणजे मी पाणी घालत होतो ते झाडाच्या अर्ध्याच मुळांना, आणि तरीही झाड का सुकते म्हणून आणखी पाणी घालत होतो.

तेव्हापासून मी कुंडीला बाहेरून गोणपाट गुंडाळतो किंवा ती दुसऱ्या मोठ्या कुंडीत ठेवून मधली पोकळी सुक्या पानांनी भरतो, आणि प्रत्येक कुंडी दोन विटांवर उचलून ठेवतो, कारण तापलेला स्लॅब सूर्यास्तानंतरही बराच वेळ खालून उष्णता देत राहतो. कुंडी किमान १५ ते २० लिटरची असावी. लहान कुंडीतली माती उन्हाळ्यात एका दिवसात ओली चिंब आणि कोरडी ठक्क अशी दोन टोके गाठते. मातीवर पालापाचोळ्याचे किंवा पेंढ्याचे पाच-सात सेंटीमीटर आच्छादन करावे, मात्र ते खोडाला टेकू देऊ नये.

पाण्याविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण उन्हाळ्यात कुंडीतली रोपे तहानेने जेवढी मरतात, तेवढीच घाबरून घातलेल्या पाण्यानेही मरतात. भर दुपारी पाने माना टाकतात याचा अर्थ माती कोरडी आहे असा होत नाही. पानांतून पाणी उडण्याचा वेग मुळांच्या वेगापेक्षा जास्त झाला, एवढेच त्यावरून कळते. संध्याकाळी पाने पुन्हा ताठ झाली, तर काळजीचे कारण नाही. सकाळी लवकर पाहिले तरी झाड मलूल असेल, तर मात्र मुळांपाशी काहीतरी बिघडले आहे. बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घालावे. तिथे ओल लागत असेल तर थांबावे, लागत नसेल तर तळाच्या छिद्रांतून पाणी निथळेपर्यंत सावकाश द्यावे. शेतकरी ज्याला वाफसा म्हणतात, म्हणजे मातीत ओलही आहे आणि हवाही आहे अशी स्थिती, तीच कुंडीतही टिकवायची आहे. एक लहानशी पण महागात पडणारी चूक: उन्हात पडलेल्या नळीतले पहिले पाणी कढत असते, ते आधी बाजूला सोडून द्यावे.

कुंडीतली बाग:

दोघांचेही मनःपूर्वक आभार. चमच्याचा प्रयोग केला; सहा झाडांपैकी पाचांवर काहीही पडले नाही, आणि सकाळचे ऊन घेऊन दुपारी पाण्याच्या टाकीच्या सावलीत जाणाऱ्या सहाव्या झाडाच्या फुलांतून थोडीशी भुकटी पडली. जाळी ताणली आहे, कुंड्या विटांवर घेतल्या आहेत आणि खत थांबवले आहे.

आता दोन नव्या शंका आहेत. खालची जुनी पाने लांबीच्या दिशेने वर वळून नळीसारखी झाली आहेत आणि हाताला चामड्यासारखी जाड लागतात. हा विषाणूजन्य चुरडामुरडा तर नव्हे? दुसरे असे की, पहिल्या घोसातल्या दोन फळांच्या तळाशी काळपट, चपटा, खोलगट डाग पडला आहे. त्यावर अंड्याच्या टरफलांचा चुरा घालण्याचा सल्ला मला मिळाला आहे.

पानामागे यांचे उत्तर:

आपण वर्णन केले आहे, त्यावरून पाने उष्णतेने वळलेली दिसतात. झाड पानाचा पृष्ठभाग कमी करून पाणी वाचवते. ही वळण खालच्या पानांपासून सुरू होते, पानांचा रंग हिरवाच राहतो आणि शेंडा निरोगी वाढत असतो. विषाणूचा प्रकार याच्या उलट दिशेने दिसतो: नवी पाने बारीक, सुरकुतलेली, कडांना किंवा शिरांमध्ये पिवळी होतात, दोन पेरांमधले अंतर कमी होऊन शेंडा झुपकेदार दिसतो आणि झाडाची वाढ खुंटते. हा विषाणू पांढरी माशी पसरवते. शेंड्याजवळची पाने हलवल्यावर पिठाच्या कणांसारख्या माश्या उडाल्या, तर सावध व्हावे. बाधित झाड बरे होत नाही. ते काढून टाकणे हेच इतर झाडांच्या हिताचे असते.

याच निमित्ताने पानांच्या मागच्या बाजूही तपासून घ्या. कोरड्या, उष्ण हवेत लाल कोळी झपाट्याने वाढतो. पानावर सुईने टोचल्यासारखे असंख्य फिके ठिपके आणि मागे अतिशय बारीक जाळी दिसते. प्रादुर्भाव नुकताच झाला असेल, तर काही दिवस रोज सकाळी पानांच्या मागच्या बाजूने पाण्याचा जोरदार फवारा मारल्याने तो बराच आटोक्यात येतो. संध्याकाळी पाने भिजवू नयेत, कारण रात्रभर ओली राहिलेली पाने बुरशीला आमंत्रण देतात.

फळाच्या तळाचा काळा डाग हा बुरशीचा किंवा किडीचा नाही. फळाच्या त्या टोकाला, ते वेगाने वाढत असताना, कॅल्शियम कमी पडल्याने तिथल्या पेशी मरतात. परंतु बहुतेक वेळा मातीत कॅल्शियम पुरेसे असते. ते पाण्याबरोबरच झाडात वर चढते आणि पाणी जिकडे जास्त ओढले जाते तिकडेच जाते. कडक उन्हात ही ओढ पानांची असते, फळांची नसते. त्यात माती कधी चिंब तर कधी कोरडी झाली, की पुरवठा मध्येच तुटतो. आपण दिलेल्या नत्रानेही पाल्याची ही ओढ वाढवली असणार. टरफलांचा चुरा मातीत विरघळायला फार काळ लागतो, तेव्हा तो आज घालून या फळांना काहीही मिळणार नाही. पाणी नियमित ठेवणे आणि आच्छादन करणे हाच येथे उपचार आहे. डाग पडलेली फळे काढून टाकावीत. डागाचा भाग कापून उरलेला भाग खाण्यास हरकत नसते, परंतु झाडावर ठेवून तो डाग भरून येत नाही.

आणखी एक विनंती अशी की, सुकलेली पाने सोडता सध्या झाडाची छाटणी करू नये. फळावरचा पाला निघाला की उन्हाकडच्या बाजूला पांढरट, कागदासारखा चट्टा पडतो आणि पुढे फळ तिथूनच सडते.

जुना माळी:

छाटणीबद्दलचा सल्ला अगदी योग्य आहे. त्याला जोडून उरलेल्या फळांविषयी लिहितो. टोमॅटोचा लाल रंग लायकोपीन या रंगद्रव्यामुळे येतो आणि तापमान ३० अंशांच्या पुढे गेले की ते तयार होण्याची क्रिया मंदावते. पिवळसर रंगद्रव्ये मात्र बनत राहतात. म्हणून भर उन्हाळ्यात फळ झाडावर कितीही दिवस ठेवले तरी ते नारिंगीच राहते आणि दरम्यान मऊ पडते. तळाशी गुलाबी छटा दिसू लागताच फळ तोडून घरात, २० ते २५ अंशांच्या आसपास, थेट ऊन लागणार नाही अशा जागी ठेवावे. तिथे ते व्यवस्थित लाल होते. पिकण्यापूर्वी ते फ्रिजमध्ये ठेवू नये. १२ अंशांखालच्या थंडीत पिकण्याची क्रिया बिघडते आणि चवही जाते.

कुंडीतली बाग:

उशिराने कळवत आहे. पांढरी माशी आढळली नाही. लाल कोळी दोन झाडांवर होता, तो सकाळच्या फवाऱ्याने बराच कमी झाला. मधल्या काळात हवा पालटली आणि रात्रीचे तापमान २३ अंशांवर आले. पहिले काही दिवस फुले पूर्वीसारखीच गळत राहिली, पण आपण कारण आधीच सांगितलेले असल्यामुळे या वेळी मी धीर सोडला नाही. बाराव्या दिवशी टाकीच्या सावलीतल्या झाडावर एका सुकलेल्या फुलाची पाकळी बोटाने बाजूला सारली, तेव्हा तिच्याखाली मिऱ्याएवढे हिरवे फळ होते आणि देठावरचे पेरही हिरवेच होते. त्याच घोसात आणखी दोन फुलांचे देठ जाड होऊ लागले आहेत. बाकीच्या पाच झाडांवर अजून काही नाही. त्यांच्या कळ्या चार-पाच दिवसांत उमलतील, तेव्हा पुन्हा चमचा धरून पाहीन.