फ्लाइंग स्कूलची फी भरण्याआधी पायलटची ॲप्टिट्यूड टेस्ट (अंगी कुवत आहे का, याची चाचणी) सक्तीची हवी का?

रामबागकर, इंदूर
हवीच. आज बारावीला फिजिक्स-मॅथ्स, मेडिकल, डीजीसीएचे (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे) पेपर आणि २०० तासांचं उड्डाण एवढं जमलं की कमर्शियल लायसन्स हातात पडतं. हात, डोळे आणि डोकं एकाच वेळी चालतात का, हे तपासते ती एअरलाइन, सगळ्यात शेवटी. त्या चाचणीत कानात आकडे येत असतात, पडद्यावरचा ठिपका जॉयस्टिकने मध्यात धरायचा असतो आणि तेव्हाच तोंडी हिशेबही करायचा असतो. मग गटचर्चा, मानसशास्त्रीय प्रश्नावली, मुलाखत. तोवर फीसाठी घरचा प्लॉट विकलेला असतो. एअरपोर्टवरच्या फ्लाइंग क्लबमुळे आपल्या इंदुरात ही ओढ जुनी आहे, आणि लायसन्स मिळूनही घरी बसलेली मुलं मला माहीत आहेत. अमेठीची सरकारी इंदिरा गांधी राष्ट्रीय उडान अकादमी प्रवेशालाच अशी चाचणी घेते. बाकीच्यांना ती का नको?

लोकमान्यनगरची ताई
काका, तळमळ पटते, सक्ती पटत नाही. वायुसेनेत पायलटची चाचणी आयुष्यात एकदाच देता येते. नापास झालं की फ्लाइंग ब्रांच कायमची बंद. तेच बाहेरही आणायचं? लहानपणापासून व्हिडिओ गेम खेळलेला, शहरातल्या पलासियातला मुलगा ठिपका सहज धरेल. तिकडे गावाकडच्या, देपालपूरच्या मुलाने जॉयस्टिक पाहिलेलीच नसेल. आणि सक्ती आली की क्लासवाल्यांची आणखी एक फी आलीच.

विमानवेडा
ताई, चाचणीत तथ्य आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या हवाई दलाने उमेदवारांना १ ते ९ असे गुण दिले आणि हजाराहून जास्त जणांची एक तुकडी गुण न बघताच प्रशिक्षणाला पाठवली. तळाच्या गुणांचे बहुतेक सगळे गळले.

लोकमान्यनगरची ताई
ते युद्ध होतं, खर्च सरकारचा होता. आणि २४ मार्च २०१५ विसरलात? लुफ्तान्साची उपकंपनी असलेल्या जर्मनविंग्जच्या को-पायलटने विमान मुद्दाम आल्प्समध्ये आदळवलं, १५० माणसं गेली. लुफ्तान्साच्या कडक निवडीतून पास झालेलाच होता ना तो?

रामबागकर, इंदूर
हो, पण त्याचं नैराश्य निवडीनंतर, प्रशिक्षणात असताना समोर आलं. शेवटच्या आजारपणात डॉक्टरांनी दिलेली रजेची चिठ्ठी त्याने कंपनीपासून लपवली. लायसन्स जाण्याची भीती माणसाला गप्प बसवते, त्यावर प्रवेशपरीक्षा काय करणार? म्हणूनच युरोपने फेब्रुवारी २०२१ पासून एअरलाइनमध्ये उडण्याआधी मानसिक तपासणी आणि नंतर सहकारी वैमानिकांचा आधारगट, दोन्ही बंधनकारक केले. तो विषय वेगळा. मी बोलतोय ते हात-डोळ्यांच्या मेळाबद्दल. तुमचा जॉयस्टिकचा मुद्दा मात्र खरा आहे. सरावाला मोफत वेळ द्या, दोन-तीन संधी द्या, मला चालेल.

लोकमान्यनगरची ताई
त्यापेक्षा पहिल्या १५ तासांनंतर इन्स्ट्रक्टरने लेखी मत द्यावं आणि मुलगा थांबला तर उरलेली फी परत मिळावी. विमानात शेजारी बसलेल्या माणसाला संगणकापेक्षा जास्त कळतं.

रामबागकर, इंदूर
कळतं, पण त्याचा पगार त्याच फीतून निघतो. पैसे भरणाऱ्या मुलाला तो "तू थांब" म्हणेल, यावर मी कुणाच्या घरचा प्लॉट लावणार नाही. मत बाहेरच्याचंच हवं.

लोकमान्यनगरची ताई
मग बाहेरचा परीक्षक त्या विमानात बसवा. मुलाला आधी उडू तर द्या.