कॅज्युअल्टीवरील संशोधन आपल्या तालुक्यांना कितपत लागू पडते?

खाडीकाठ यांचा प्रश्न

सर्व सभासदांना नमस्कार.

मी दक्षिण रत्नागिरीतील किनाऱ्यालगतच्या एका गावात राहतो. शिक्षकाच्या नोकरीतून निवृत्त झालो असून तालुक्याच्या रुग्णालयाच्या रुग्ण कल्याण समितीवर यंदा माझी नेमणूक झाली आहे. समितीच्या येत्या बैठकीत कॅज्युअल्टीचा विषय चर्चेला येणार आहे. तिथे नुसत्या तक्रारी मांडण्यापेक्षा आपत्कालीन विभागातील उपचार आणि रुग्ण वाचण्या-दगावण्याचे प्रमाण यांवर जे संशोधन झाले आहे, ते समजून घेऊन बोलावे अशी माझी इच्छा आहे.

वाचनात आलेल्या दोन अभ्यासांनी मला विचारात पाडले. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडमधील अभ्यासात पन्नास लाखांहून अधिक दाखल रुग्णांच्या नोंदी तपासल्या होत्या. आपत्कालीन विभागात आल्यापासून वॉर्डात खाट मिळेपर्यंत सहा ते आठ तासांहून अधिक वेळ गेला, तर अशा दर ८२ रुग्णांमागे ३० दिवसांत एक जादा मृत्यू होतो, असा त्याचा निष्कर्ष होता. दुसरा अभ्यास २०२३ सालचा, फ्रान्समधील ९७ आपत्कालीन विभागांतला. पंचाहत्तरी ओलांडलेल्या १,५९८ रुग्णांपैकी ज्यांना खाटेअभावी आख्खी रात्र आपत्कालीन विभागातच काढावी लागली, त्यांच्यातील १५.७ टक्के रुग्ण रुग्णालयात दगावले. मध्यरात्रीपूर्वी वॉर्डात पोहोचलेल्यांत हेच प्रमाण ११.१ टक्के होते.

माझी अडचण अशी की, हे दोन्ही अभ्यास एकाच इमारतीत ताटकळणाऱ्या रुग्णांचे आहेत. आपल्याकडे रुग्ण ताटकळत नाही, त्याला पुढे धाडले जाते. तालुक्याहून जिल्ह्याला, तिथून आंबा घाटाने कोल्हापूरला, सिंधुदुर्गातला असेल तर गोव्यात बांबोळीला. आमच्या शेजारच्या तांडेलाला पहाटे होडी किनाऱ्याला लावतानाच छातीत कळ आली. पहिल्या रुग्णालयात ईसीजी निघाला, हृदयविकाराचा झटका असल्याचे निदानही झाले, आणि पुढे नेण्याची चिठ्ठी मिळाली. ती चिठ्ठी मी नंतर पाहिली. तिच्यावर निदान, तारीख, सही, शिक्का सगळे होते. मात्र रुग्ण किती वाजता आला, ईसीजी कधी काढला आणि गाडी कधी सुटली, यांपैकी एकही वेळ नव्हती. रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन त्याला मिळाले ते थेट तिसऱ्या रुग्णालयात. तो वाचला, परंतु हृदय इतके दुबळे झाले आहे की आता त्याला समुद्रावर जाता येत नाही.

अशा तुकड्या-तुकड्यांच्या प्रवासाविषयी संशोधन काही सांगते का? आणि समितीने एक-दोनच मागण्या लावून धरायच्या झाल्यास त्या कोणत्या असाव्यात?

ग्रामीण वैद्यक यांचे उत्तर

गुरुजी, नमस्कार. मी बरीच वर्षे कोकणातील ग्रामीण रुग्णालयांत वैद्यकीय अधिकारी म्हणून काम करीत आहे. तुमची शंका योग्य आहे. खाटेची वाट पाहण्यावरचे अभ्यास मोठ्या शहरांतील रुग्णालयांच्या उपयोगाचे आहेत. आपल्याला ज्या संशोधनाकडे पाहायला हवे ते वेगळे आहे आणि त्याचा प्रश्नही वेगळा आहे: रुग्ण ज्या दारात पहिल्यांदा येतो, तिथेच कोणता उपचार दिला असता तो पुढच्या प्रवासात तग धरतो?

हृदयविकाराच्या झटक्यापासून सुरुवात करतो. भारतातील ८९ रुग्णालयांमध्ये झालेल्या आणि २००८ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या ‘क्रिएट’ अभ्यासात, मोठा झटका आलेल्या रुग्णांना त्रास सुरू झाल्यापासून रुग्णालयात पोहोचायला लागलेला मध्यक वेळ (निम्म्यांना याहून कमी, निम्म्यांना अधिक) ३६० मिनिटे होता, आणि दारात आल्यावर इंजेक्शन मिळेपर्यंत आणखी ५०. म्हणजे आपल्या देशात वेळ जातो तो मुख्यतः रुग्णालयात पोहोचण्याआधी. अँजिओप्लास्टी, म्हणजे हृदयाची तुंबलेली रक्तवाहिनी आतून उघडणे, हा उत्तम उपचार आहे याविषयी दुमत नाही, परंतु ती वेळेत झाली तरच. २०१३ सालच्या ‘स्ट्रीम’ चाचणीत नेमके असेच १,८९२ रुग्ण घेतले होते, ज्यांचा त्रास तीन तासांच्या आतला होता आणि ज्यांची अँजिओप्लास्टी तासाभरात होणे शक्य नव्हते. निम्म्यांना आधी टेनेक्टेप्लेज हे गुठळी विरघळवणारे इंजेक्शन देऊन पुढे नेले, निम्म्यांना थेट अँजिओप्लास्टीसाठी नेले. मृत्यू, शॉक, हृदय निकामी होणे किंवा पुन्हा झटका येणे, यांपैकी काहीतरी ३० दिवसांत घडलेल्यांचे प्रमाण पहिल्या गटात १२.४ टक्के आणि दुसऱ्या गटात १४.३ टक्के होते. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर ठाम म्हणण्याइतका नाही, पण आधी इंजेक्शन देऊन रुग्ण मागे पडला नाही, हे त्यातून स्पष्ट होते. याची किंमतही सांगायला हवी: मेंदूत रक्तस्राव होण्याचे प्रमाण इंजेक्शनच्या गटात एक टक्का, तर दुसऱ्या गटात ०.२ टक्के होते, आणि पंचाहत्तरीपुढील रुग्णांसाठी मात्रा निम्म्यावर आणावी लागली. शिवाय इंजेक्शन दिलेल्यांपैकी एक तृतीयांशाहून अधिक रुग्णांना तातडीने अँजिओग्राफी लागलीच. त्यामुळे इंजेक्शन देऊन रुग्णाला आपल्याकडेच ठेवणे योग्य नव्हे. द्यावे आणि लगेच पुढे पाठवावे.

तामिळनाडूने हीच पद्धत राबवून पाहिली. लहान रुग्णालये एका मोठ्या केंद्राला जोडली, ईसीजी तिकडे पाठवून निर्णय घेण्याची सोय केली आणि रुग्णाला पुढे नेण्याची साखळी बसवली. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या २,४२० रुग्णांच्या अभ्यासात एका वर्षातील मृत्यूंचे प्रमाण १७.६ टक्क्यांवरून १४.२ टक्क्यांवर आले. घाटातल्या रस्त्याची लांबी आपल्या हातात नाही. रुग्ण त्या रस्त्याला लागण्यापूर्वी त्याच्या शिरेत काय गेले आहे, हे मात्र आपल्या हातात आहे.

महामार्गावरील अपघातांचेही असेच आहे. ‘क्रॅश-२’ चाचणीत ४० देशांतील २०,२११ जखमी रुग्ण होते. ट्रॅनेक्झॅमिक अॅसिड हे रक्तस्राव आवरणारे साधे, स्वस्त औषध दिल्याने एकूण मृत्यू १६ टक्क्यांवरून १४.५ टक्क्यांवर आले. पुढील विश्लेषणातून जे दिसले ते अधिक महत्त्वाचे आहे. अपघातानंतर पहिल्या तासात औषध मिळालेल्यांत रक्तस्रावाने होणारे मृत्यू ७.७ वरून ५.३ टक्क्यांवर आले. तीन तास उलटून गेल्यावर दिले तर ते उलट वाढले, ३.१ चे ४.४ झाले. संगमेश्वराजवळ अपघात झालेल्या माणसाला हे औषध कोल्हापुरात पोहोचल्यावर द्यायचे म्हटले, तर बहुधा त्याची वेळ टळून गेलेली असेल.

आणि पहिल्या दारावरच्या संशोधनाचे सर्वांत मोठे उदाहरण तर आपल्या कोकणातलेच आहे. लाल विंचवाच्या दंशाने रक्तदाब एकाएकी चढतो, फुप्फुसात पाणी भरते आणि धडधाकट माणूस, विशेषतः लहान मूल, काही तासांत दगावते. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन ही रक्तदाब उतरवणारी गोळी वापरून हे मृत्यू मोठ्या प्रमाणात कमी करून दाखवले. पुढे २०११ साली ‘बीएमजे’त प्रसिद्ध झालेल्या महाडमधील चाचणीत ७० रुग्ण होते: निम्म्यांना केवळ प्राझोसिन, निम्म्यांना प्राझोसिनच्या जोडीला विंचवाच्या विषावरील प्रतिविष. दहा तासांत पूर्ण बरे झालेले रुग्ण पहिल्या गटात सुमारे २३ टक्के, तर दुसऱ्यात ९१ टक्के होते. ज्या गावात रुग्ण येतो त्याच गावात प्रश्न विचारला गेला आणि तिथेच उत्तर मिळाले. म्हणून संशोधन म्हणजे विलायतेचीच गोष्ट, असे आपण मानू नये.

दापोलीचा संख्याशास्त्री यांचे उत्तर

डॉक्टरसाहेबांशी मी सहमत आहे. आकडे वाचण्याविषयी थोडी भर घालतो. मी महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवतो.

उशीर आणि मृत्यू यांचा संबंध दिसला की उशिरामुळेच मृत्यू झाला असे म्हणण्याचा मोह होतो. पण अधिक आजारी, अधिक गुंतागुंतीच्या रुग्णाला अधिक वेळ लागतोच. खाडीकाठ यांनी दिलेल्या इंग्लंड आणि फ्रान्सच्या अभ्यासांत वय, सोबतचे आजार इत्यादींचा हिशेब केला आहे, तरी अशा निरीक्षणात्मक अभ्यासात काही शंका उरते. या दृष्टीने कॅनडातील ओंटारिओ प्रांताचा २०११ सालचा अभ्यास मला अधिक विचारपूर्वक आखलेला वाटतो. त्यात रुग्ण स्वतः किती वेळ थांबला हे न पाहता, त्याच पाळीत आलेल्या तशाच इतर रुग्णांना सरासरी किती वेळ लागला, हे पाहिले. त्यामुळे एखाद्याच्या स्वतःच्या आजाराची तीव्रता हिशेबात लुडबुड करीत नाही. तपासून घरी सोडलेल्या रुग्णांतसुद्धा, गर्दीच्या पाळीत आलेल्यांना पुढील सात दिवसांत मृत्यूचा धोका अधिक होता. घरी सोडलेले रुग्ण ही आपल्याकडे कोणीच न मोजलेली बाजू आहे.

उलट दिशेचे उदाहरणही लक्षात ठेवावे. अपघातानंतरचा पहिला तास सोन्याचा असे सर्वत्र म्हटले जाते, परंतु उत्तर अमेरिकेतील ३,६५६ गंभीर जखमींच्या २०१० सालच्या अभ्यासात रुग्णवाहिकेला लागलेला वेळ आणि मृत्यू यांचा संबंध आढळला नाही. याचा अर्थ उशीर झाला तरी चालतो असा नाही. अत्यवस्थ रुग्णाची गाडी अधिक वेगाने नेली जाते, त्यामुळेही असे चित्र दिसू शकते. शिवाय तिथले वेळ मिनिटांतले होते, आपले तासांतले आहेत.

आपल्या नोंदींची खरी मेख आणखी वेगळीच आहे. तालुक्याच्या रजिस्टरात रुग्णापुढे ‘रेफर’ असे लिहिले की तिथला हिशेब संपतो. तो घाटात दगावला तर कदाचित कोणाच्याच हिशेबात येत नाही. कोल्हापुरात दगावला तर तो मृत्यू कोल्हापूरच्या नावावर चढतो. परिणामी, सर्वांत आधी रुग्ण पुढे ढकलणाऱ्या रुग्णालयाचा मृत्युदर सर्वांत कमी दिसतो. रुग्णाचा शेवट पहिल्या रुग्णालयाच्या नोंदीशी जोडला जात नाही, तोपर्यंत कोणत्याही दोन रुग्णालयांची तुलना करण्यात अर्थ नाही.

वाडीतली परिचारिका यांचे उत्तर

नमस्कार. सिंधुदुर्गात रात्रपाळीच्या कॅज्युअल्टीत मी अनेक वर्षे काढली आहेत. चिठ्ठीवर वेळ नसते हे खरे आहे आणि त्याचे कारण आळस नाही. छापील नमुन्यात वेळेचा रकानाच नसतो. रात्री एक डॉक्टर, एक सिस्टर, दारात नातेवाइकांची गर्दी. अशा वेळी जो रकाना छापलेला असतो तोच भरला जातो. रुग्ण आला, ईसीजी झाला, औषध दिले, गाडी सुटली असे चार रकाने छापून आले, तर ते भरले जातील.

सर्पदंशाविषयी सांगितल्याशिवाय राहवत नाही. घोणस आणि फुरसे चावल्यावर रक्त गोठेनासे होते. ते ओळखण्याची चाचणी अगदी साधी आहे: दोन मिलिलिटर रक्त काचेच्या कोरड्या, स्वच्छ नळीत घ्यायचे, वीस मिनिटे नळी न हलवता ठेवायची आणि मग तिरकी करून पाहायची. रक्त वाहिले, म्हणजे विष चढले आहे. मात्र नळी काचेचीच हवी आणि साबणाच्या पाण्याने धुतलेली नको. प्लास्टिकच्या नळीत निरोगी माणसाचे रक्तही नीट गोठत नाही. मग गरज नसताना प्रतिविष सुरू होते किंवा घाबरून रुग्ण पुढे पाठवला जातो. नव्या काचेच्या नळ्या हा खर्चाच्या दृष्टीने किरकोळ विषय आहे, तरी त्या संपलेल्या असतात आणि पुरवठ्याच्या यादीत त्यांची आठवण कोणाला होत नाही. गुरुजी, हेही बैठकीत मांडावे अशी विनंती आहे.

आणखी एक गोष्ट. चापडा या विषारी सापाच्या दंशावर आपल्याकडे मिळणारे प्रतिविष लागू पडत नाही, कारण ते नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांसाठीच बनवलेले असते. पावसाळ्यात आमच्याकडे बागेत काम करणाऱ्यांना चापडा चावल्याचे प्रसंग येतात, तेव्हा कुपीमागून कुपी देत राहण्यापेक्षा साप कसा दिसत होता हे शांतपणे विचारणे अधिक मोलाचे असते.

खाडीकाठ

सर्वांचे मनापासून आभार. ताई, नळ्यांचा विषय मी टिपून घेतला आहे. डॉक्टरसाहेब, एक शंका उरते. रात्री एकट्या असलेल्या तरुण डॉक्टरने इंजेक्शन दिले आणि दुर्दैवाने मेंदूत रक्तस्राव झाला, तर नातेवाईक त्यालाच जबाबदार धरतील. पुढे पाठवले तर त्याला कोणी विचारत नाही. असे असताना त्याने धोका का पत्करावा?

ग्रामीण वैद्यक

गुरुजी, हाच कळीचा प्रश्न आहे आणि औषधांच्या यादीने तो सुटत नाही. एकट्याने निर्णय घ्यावा लागू नये, हा त्यावरचा उपाय आहे. ईसीजीचा फोटो हृदयरोगतज्ज्ञाकडे जावा आणि त्यांचा होकार किंवा नकार वेळेसह केसपेपरवर लिहिला जावा. इंजेक्शन कोणाला देऊ नये याची यादी, म्हणजे पूर्वी मेंदूत रक्तस्राव झालेला, नुकतीच मोठी शस्त्रक्रिया झालेली, चालू रक्तस्राव असलेली व्यक्ती वगैरे, भिंतीवर लावलेली असावी. नातेवाइकांना वाचून दाखवायचे संमतिपत्र सोप्या मराठीत असावे आणि त्यात धोका जसा सांगितला आहे, तसा इंजेक्शन न देण्यातला धोकाही सांगितलेला असावा. तामिळनाडूच्या व्यवस्थेतील मला सर्वांत उपयुक्त वाटलेला भाग हाच आहे: लहान रुग्णालयातील डॉक्टरच्या पाठीशी त्या घटकेला कोणीतरी उभे होते.

म्हणून माझ्या मते मागण्या दोनच ठेवाव्यात. गुठळी विरघळवणारे औषध तालुक्याच्या रुग्णालयात कायम शिल्लक असावे आणि त्यासोबत रात्रंदिवस फोनवर उपलब्ध असणारा तज्ज्ञ ठरवून द्यावा, ही पहिली. ताईंनी सांगितलेले वेळेचे चार रकाने आणि पुढच्या रुग्णालयाकडून प्रत्येक रेफर रुग्णाचे काय झाले याची महिन्याला एक यादी, ही दुसरी. काचेच्या नळ्यांसाठी स्वतंत्र मागणीची गरज पडू नये. त्या समितीच्या निधीतूनच आणाव्यात.

एक सूचना मात्र आवर्जून करतो. सुरुवातीच्या महिन्यांत वेळांचे आकडे वाईटच दिसतील, कारण आजवर ते कोणी लिहिलेच नव्हते. त्या आकड्यांवरून बैठकीत कोणा डॉक्टरला किंवा सिस्टरला जाब विचारू नये. तसे एकदा झाले की पुढच्या पाळीपासून रकान्यात सोयीची वेळ पडू लागते, आणि मग ती यादी कोणाच्याच उपयोगाची राहत नाही.