पुरात बंद पडलेली गाडी आणि नाकारलेला क्लेम

धरमपेठकर: पाणी शिरलेली गाडी सुरू करणाऱ्याला इंजिनाचे पैसे मिळूच नयेत, पॉलिसी न वाचणाऱ्याने तक्रार करू नये, असे काल येथे एका सदस्याने लिहिले. ते वाचून गप्प बसवत नाही. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरातला अंबाझरी तलाव ओसंडला, नागनदीचे पाणी आमच्या पार्किंगमध्ये शिरले आणि गाडी वाचवावी म्हणून भावाने किल्ली फिरवली. सीट आणि वायरिंगचे पैसे मिळाले. इंजिनाचे मात्र 'परिणामी नुकसान', म्हणजे थेट पुराने नव्हे तर नंतरच्या कृतीने झालेले, म्हणून नाकारले. इंजिन प्रोटेक्शनचे अ‍ॅड-ऑन, म्हणजे मूळ पॉलिसीला जोडायचे जादा संरक्षण, वेगळे घ्यावे लागते, हे पॉलिसी विकताना कोणीही सांगितले नव्हते.

मनीषनगरवाला: कालचे ते मीच लिहिले होते आणि त्यावर ठाम आहे. पुराचे नुकसान पॅकेज पॉलिसीत, म्हणजे स्वतःच्या गाडीचे नुकसानही भरून देणाऱ्या विम्यात, येतेच. परंतु इंजिनाच्या सिलिंडरमधले पाणी हवेसारखे दाबले जात नाही. अशा वेळी स्टार्टर मारला की पिस्टनला जोडलेला दांडा, म्हणजे कनेक्टिंग रॉड, वाकतो, आणि ते नुकसान पुराने नव्हे, किल्लीने होते. गाडी टो करून नेली असती, तर हा वादच उद्भवला नसता.

प्रतापनगर: इंजिनाचे राहू द्या, एनसीबीचे, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियमवर मिळणाऱ्या सवलतीचे (नो क्लेम बोनस) बोला! जुनी गाडी विकताना माझा ५० टक्के बोनस गाडीबरोबरच गेला, असे एजंटाने मला सांगितले आणि मी नव्या गाडीचा पूर्ण प्रीमियम भरला.

मनीषनगरवाला: ते साफ चूक आहे. नो क्लेम बोनस मालकाचा असतो, गाडीचा नव्हे. विक्रीनंतर कंपनीकडून एनसीबी राखून ठेवल्याचे पत्र घेतले, तर तो तीन वर्षांच्या आत नव्या गाडीला लावता येतो. मात्र पॉलिसी संपून ९० दिवसांत नूतनीकरण केले नाही, तर तो बुडतो.

प्रतापनगर: मग हे एजंटाने का सांगू नये? बंपरच्या क्लेममध्येही तेच झाले. झिरो डेप, म्हणजे भागांची झीज न कापता पैसे देणारे अ‍ॅड-ऑन, नसल्यामुळे प्लास्टिकच्या भागांचे निम्मेच पैसे मिळतात, हे मला बिल हातात आल्यावर कळले!

धरमपेठकर: हेच मी सांगतो आहे. आपण तांत्रिक बाजू अचूक मांडता, पण पहाटे गुडघाभर पाण्यात उभ्या असलेल्या माणसाला कनेक्टिंग रॉड शिकवू नका.

मनीषनगरवाला: विक्रेत्याने सांगायला हवे होते, एवढे मान्य करतो. किल्लीबाबतचे माझे मत मात्र बदलणार नाही.