विषय: आई-बाबांना देवमासे दाखवायला न्यावं का?

नमस्कार मंडळी,
रोवणी आटोपली की आई-बाबा ऑगस्टमध्ये साकोलीजवळच्या आमच्या गावाहून बॉस्टनला येतायत, दोघांनीही समुद्र कधी पाहिलेला नाही. व्हेल वॉचला न्यायचं मनात आहे पण तीन-चार तासांची बोट, त्यात बाबांना एसटीतसुद्धा गाडी लागते, आणि आई म्हणते नुसतं पाणीच पाणी, पाहाचं काय तिथं? बहीण कोकणात डॉल्फिन बघायला गेली होती तर पाच-सहा बोटी एकाच डॉल्फिनमागे आणि दिसली ती फक्त पाठ. इथेही तसंच असेल तर राहू दे. कोणी सांगेल का?

---

ताई, न्याच.
मी आता अर्जुनी मोरगावला असतो पण तिकडे होतो तेव्हा उन्हाळा आला की पाहुण्यांना घेऊन बॉस्टनच्या उत्तरेकडच्या ग्लॉस्टर बंदराहून बोट ठरलेलीच. जायचं ते स्टेलवॅगन बँकेवर, म्हणजे केप ॲन आणि केप कॉडच्या मधला समुद्राखालचा उंचवटा, १९९२ पासून राखीव क्षेत्र आहे. प्रवाह त्या उंचवट्यावर आपटून खालचं थंड पाणी वर येतं, त्यावर बारीक जीव वाढतात, त्यांच्यामागे सँड लान्स नावाची बारकी मासळी आणि तिच्यामागे हंपबॅक व्हेल. हिवाळ्यात ते कॅरिबियनकडे जातात, पिल्लं तिकडेच होतात आणि खाणं जवळजवळ बंद, म्हणून उन्हाळाभर इथे पोट भरणं चालू असतं. आधी पाण्यावर बुडबुड्यांचं हिरवट कडं उमटतं, मग त्याच्या मधूनच जबडा उघडून देवमासा वर येतो आणि सीगल त्याच्या तोंडाजवळून मासळी उचलतात. जवळ फवारा सोडला की सडक्या मासळीचा वास येतो, बाबांना आधी सांगून ठेवा.

बुडी मारताना शेपटी वर आली की तिची खालची बाजू बघायला लावा, काळ्या-पांढऱ्या खुणा प्रत्येकाच्या वेगळ्या आणि त्यावरूनच बोटीवरचे जाणकार नावानिशी ओळखतात. सॉल्ट नावाची मादी सत्तरच्या दशकापासून ओळखीची आहे, तिची नातवंडंसुद्धा नोंदलेली आहेत.

आणि पक्षी सोडू नका! चिमणीपेक्षा थोडा मोठा, काळसर, शेपटीजवळ पांढरा पट्टा आणि पाण्यावर पाय आपटत चालल्यासारखा उडतो तो विल्सन्स स्टॉर्म पेट्रेल, अंटार्क्टिकाकडून आलेला असतो. ग्रेट शिअरवॉटर हा दुसरा समुद्रपक्षी दक्षिण अटलांटिकमधल्या ट्रिस्टन द कुन्या बेटांकडून येतो. नवेगावबांधला हिवाळ्यात येणारी बदकं पाहिलेल्या माणसाला हे सांगितलं की वेगळं समजवावं लागत नाही.

आता पाठलागाचं. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात २०२४ च्या शेवटच्या दिवशी वाघीण आणि पिल्लांना जिप्स्यांनी घेरलं, हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली, हे तुमच्या बाबांना नक्की माहीत असेल. देवमाशाचंही तेच, घेरलं की त्याचं खाणं मोडतं. म्हणून तिकीट काढायच्या आधी फोन करून विचारा की बोट किती अंतरावर थांबते. हंपबॅकपासून निदान १०० फूट लांब राहावं असं तिथे सांगितलेलं आहे, राइट व्हेल ही देवमाशाची दुसरी जात असेल तर ५०० यार्ड, हा कायदाच आहे कारण ते आता चारशेसुद्धा उरले नाहीत. जी बोट वेग कमी करून थांबते तीच घ्या, स्वस्त-महाग बघू नका.

बाबांसाठी: गोळी बोटीत चढायच्या आधी तासभर, पण बीपीची औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारूनच. पोट अगदी रिकामं नको, थोडा मुरमुऱ्याचा चिवडा चालेल. बोटीच्या मधोमध उभं राहायचं, नजर लांब क्षितिजावर, मोबाइलमध्ये अजिबात नाही. किनाऱ्यावर घाम येत असला तरी आत गारठा असतो, स्वेटर-कानटोपी घ्या.
– काका

---

काका, खूप बरं झालं तुम्ही लिहिलंत! तुमची मेल फोनवर वाचून दाखवली, बाबा तयार झाले. आईचा एकच प्रश्न, पिल्लू मायजवळच असते का जी?

---

असते ताई, साधारण वर्षभर. पण माय खोल बुडी मारते तेव्हा पिल्लाला तेवढा दम नसतो, ते वरच थांबतं. असं एकटं पिल्लू दिसलं तर आईंना सांगा, घाबरू नका, माय खालीच आहे. अशा वेळी कॅप्टननं बोट जागेवर धरली पाहिजे, नाही धरली तर बोटीवरच्या जाणकाराला तिथल्या तिथे बोला. आणि तिकीट सकाळचंच काढा, दुपारून बरेचदा वारा वाढतो.
– काका