मदत हवी आहे: तुटलेल्या पेनड्राइव्हमधले मोडी कागदांचे स्कॅन, फाइलींच्या नावांसकट

नमस्कार मंडळी,

३२ जीबीचा पेनड्राइव्ह सीपीयूला पुढून लावलेला होता. घरातलं लहान मूल पळता पळता त्यावर आदळलं आणि तो मुळाशी वाकला.

आत आमच्या घराण्याच्या मोडी कागदांचे स्कॅन आहेत. खरेदीखतं, गहाणखतं, वाटणीपत्रं, विहिरीच्या पाळीवरून झालेल्या तंट्याचे कागद. मूळ कागद सांगलीच्या घरी ट्रंकेत होते. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात ट्रंक पाण्याखाली गेली आणि कागदांचा लगदा झाला. ज्या काकांनी स्कॅन केले त्यांचा लॅपटॉपही त्याच पुरात गेला. आता जे काही उरलंय ते या पेनड्राइव्हमध्ये.

नुसती चित्रं परत मिळून भागणार नाही, म्हणून हा धागा काढतोय. काकांनी प्रत्येक फाइलला रुमाल (कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा) आणि कागदाच्या क्रमांकावरून देवनागरीत नाव दिलंय, 'रु३_का१७_पाठ' असं. एका गुरुजींनी केलेलं लिप्यंतर वहीत आहे आणि वहीत फक्त हे क्रमांक आहेत. नावं गेली तर कुठलं लिप्यंतर कुठल्या कागदाचं, हे आम्हाला कधीच कळणार नाही. घरात मोडी कुणालाच येत नाही, गुरुजीही आता नाहीत.

सध्याची स्थिती: कव्हर उघडून पाहिलं. हिरव्या बोर्डावर एक मोठी काळी चिप, दोन टोकांना बारीक पायांची रांग असलेली. मागच्या बाजूला छोटी चौकोनी चिप, शेजारी १२.००० लिहिलेला चंदेरी क्रिस्टल. यूएसबी पिनच्या चार पायांपैकी कडेचे दोन चिकटून आहेत. मधले दोन उपटलेत आणि त्यांच्याबरोबर बोर्डावरचा तांब्याचा पॅडही निघून आलाय. लावला की लाइट लागतो, पण कॉम्प्युटरवर काहीच दिसत नाही, आवाजही येत नाही.

एका दुकानात म्हणाले, मोठी चिप काढून दुसऱ्या पेनड्राइव्हवर बसवू. दुसरीकडे म्हणाले, फॉर्मॅट मारून बघू. दोन्हीकडून परत घेऊन आलो. चिप बदलणं बरोबर आहे का? नुसत्या वायरी जोडून चालेल का? आणि चालू झालाच तर नावं टिकावीत म्हणून आधी काय करायचं?

प्रतिसाद १

परत आणलात ते फार चांगलं केलंत. मोठ्या चिपला कुणालाही हात लावू देऊ नका. मोठी चिप म्हणजे डेटा साठवणारी मेमरी, छोटी म्हणजे तिचा कारभार सांभाळणारा कंट्रोलर. तो डेटा सलग ठेवत नाही, तुकडे करून, विस्कटून मोठ्या चिपभर पसरतो, आणि कुठला तुकडा कुठे याचा हिशेब त्या कंट्रोलरच्याच पद्धतीने लावलेला असतो. दुसऱ्या बनावटीच्या कंट्रोलरला त्यातलं काही कळत नाही. चिप काढून वाचण्याचं काम प्रयोगशाळेचं. ते महाग असतं आणि शेवटचा उपाय म्हणूनच करायचं.

तुमची लक्षणं चांगली आहेत. कडेच्या दोन पिना म्हणजे ५ व्होल्ट आणि ग्राउंड, मधल्या दोन डेटाच्या. लाइट लागतो म्हणजे वीज पोचतेय. डेटाच्या दोन्ही वाटा तुटल्यात, म्हणून कॉम्प्युटरला पेनड्राइव्ह लावल्याचा पत्ताच नाही. क्रिस्टलला (कंट्रोलरला ताल देणारा भाग) आतून तडा गेला नसेल तर काम सोपं आहे.

पॅड गेले तरी पुढे कंट्रोलरकडे जाणारे ट्रॅक (बोर्डावरच्या तांब्याच्या रेघा) बहुतेकदा शाबूत असतात. त्यावरचा हिरवा थर ब्लेडने हलकेच खरवडायचा, खालचं तांबं चमकलं की केसाएवढी इनॅमल वायर सोल्डर करायची. दुसरं टोक जुन्या यूएसबी केबलला. लाल ५ व्होल्ट, पांढरी डेटा मायनस, हिरवी डेटा प्लस, काळी ग्राउंड. स्वस्त केबलच्या रंगांवर विसंबू नका, कुठली वायर कुठल्या पिनेला जाते ते मल्टिमीटरच्या बीपवरून तपासूनच जोडा. लाल-काळी उलटी झाली तर कंट्रोलर जळेल आणि मग खरंच प्रयोगशाळा गाठावी लागेल. डेटाच्या वायरी आखूड आणि सारख्या लांबीच्या ठेवा. हे काम कॉम्प्युटरच्या दुकानात नको, मायक्रोस्कोपखाली मोबाइलचे बोर्ड दुरुस्त करणाऱ्याकडे द्या. त्याच्या रोजच्या हातातलं आहे.

चालू झाला की लगेच फोल्डर उघडत बसू नका. विंडोजने 'फॉर्मॅट करू का' विचारलं तर रद्द करा, चेकडिस्क (विंडोजचं डिस्क दुरुस्त करणारं साधन) चालवू नका. लिनक्स लाइव्ह यूएसबीवरून (इन्स्टॉल न करता लिनक्स चालवणारा दुसरा पेनड्राइव्ह) बूट करून डीडीरेस्क्यू या प्रोग्रामने अख्ख्या पेनड्राइव्हची इमेज, म्हणजे जशीच्या तशी नक्कल, हार्ड डिस्कवर घ्या, मॅपफाइलसकट (काय वाचलं, काय राहिलं याची नोंद). पुढचं सगळं त्या इमेजवर. फोटोरेक हा प्रोग्राम सगळ्यात शेवटी, कारण ते चित्रं शोधून काढतं पण नावं देत नाही.

प्रतिसाद २

पुण्यात असाल तर तपकीर गल्लीत असे कारागीर मिळतील, मुंबईत लॅमिंग्टन रोडला. समोर बसूनच करून घ्या.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. मोबाइलवाल्या दादांनी अगदी सांगितल्याप्रमाणे वायरी जोडल्या आणि पेनड्राइव्ह दिसायला लागला! इमेज घेतली. थोडा भाग वाचता आला नाही, बाकी सगळा आला. इमेज माउंट केली (डिस्कसारखी उघडली) तर फोल्डर दिसतात, पण फाइलींच्या नावात अक्षरांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं. नावं गेली का? शिवाय रुमाल ५ मधली काही चित्रं वरून नीट दिसतात आणि खाली करडी होतात.

प्रतिसाद १

नावं गेलेली नाहीत. फॅट ३२ मध्ये (पेनड्राइव्हवर फाइली मांडण्याची पद्धत) लांब नावं युनिकोडमध्येच साठवलेली असतात, फक्त दाखवताना गडबड होतेय. अनमाउंट करून पुन्हा माउंट करताना 'आरओ,लूप' (ro,loop) बरोबर 'यूटीएफ८' (utf8) हा पर्याय द्या. विभाजनाचा ऑफसेट (इमेजमध्ये ते कुठून सुरू होतं तो आकडा) आत्ता दिलाय तोच ठेवा.

करड्या भागासाठी तीच मॅपफाइल देऊन डीडीरेस्क्यू पुन्हा चालवा, 'आर३' (-r3, म्हणजे तीनदा प्रयत्न) पर्यायाने. न वाचलेले भागच तो परत वाचेल. एकदा उलट्या दिशेनेही चालवून पाहा. वायरी मात्र अजून काढू नका.

धागाकर्ता

यूटीएफ८ दिल्यावर सगळी नावं जशीच्या तशी आली. वही घेऊन रुमाल १ जुळवायला बसलोय. रुमाल ५ साठी डीडीरेस्क्यू रात्री लावतो आणि किती वाचलं ते इथेच कळवतो.